पाकिस्तानला वगळलं, पण पुढे काय?

दक्षिण आशियातल्या प्रादेशिक सहकार्याचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा बहुतेक वेळा एकाच वाटेने जाते. पाकिस्तानने सार्क ही दक्षिण आशियाई देशांची संघटना बुडवली, म्हणून भारताने पाकिस्तान नसलेली बिमस्टेक ही दुसरी संघटना हाती घेतली, आणि सार्कला जे जमलं नाही ते बंगालच्या उपसागराभोवतीचे देश आता करून दाखवतील. यातला पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे, दुसराही खरा आहे. तिसऱ्या भागाला मात्र बिमस्टेकचा आजवरचा इतिहास दुजोरा देत नाही. पाकिस्तान ज्या संघटनेत नाही तिथेही करार वर्षानुवर्षं लटकतात, रस्ते अर्धवट राहतात, माल सीमेवर अडकून पडतो. मग अडचण एकट्या पाकिस्तानची होती, असं कसं म्हणायचं? माझं म्हणणं असं आहे की आपण संघटना बदलली, पण शेजाऱ्यांशी व्यवहार करण्याची पद्धत तीच ठेवली. त्या पद्धतीबद्दल बोलायची आपली तयारी नाही, म्हणून आपण सार्क की बिमस्टेक या वादात रमतो.

आधी सार्कचं पाहू. तिचा जन्मच संशयात झाला. बांगलादेशचे अध्यक्ष झियाउर रहमान यांनी १९८० मध्ये शेजारी देशांपुढे ही कल्पना मांडली तेव्हा दिल्लीला वाटलं, हे लहान देश एकत्र येऊन आपल्याला घेरायला बघतायत. इस्लामाबादला नेमकी उलटी भीती होती: या निमित्ताने भारत सगळ्यांना आपल्याभोवती गोळा करेल. ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात सनदेवर सह्या झाल्या तेव्हा झियाउर रहमान हयात नव्हते. सनदेत मात्र या दोन्ही भीतींची व्यवस्था करून ठेवलेली होती. प्रत्येक निर्णय सर्वसंमतीने व्हायचा आणि दोन देशांमधले वादाचे विषय चर्चेला घ्यायचेच नाहीत. म्हणजे सात देशांच्या, आणि २००७ मध्ये अफगाणिस्तान आल्यावर आठ देशांच्या, संघटनेत प्रत्येकाच्या हातात नकाराधिकार आला. काश्मीर चर्चेच्या यादीबाहेर राहिलं, पण काश्मीरमुळे येणारा कडवटपणा सभागृहाबाहेर ठेवण्याची सोय कोणत्याच सनदेत नसते.

तरीही १९८५ ते २०१४ या काळात सार्कच्या अठरा शिखर परिषदा झाल्या. व्यापारात सवलती देण्याचा साप्टा करार १९९३ मध्ये झाला, मुक्त व्यापाराचा साफ्टा करार जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादला झाला आणि २००६ च्या सुरुवातीला लागू झाला. आणि इतकं होऊनही जागतिक बँकेच्या हिशेबाने दक्षिण आशियाई देशांचा आपापसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपासच राहिला. आग्नेय आशियात, आसियान देशांमध्ये, हेच प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या जवळ आहे.

शेवटची परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूला झाली. मोटार वाहतूक आणि रेल्वेचे करार तयार होते. एका देशाचे ट्रक दुसऱ्याच्या हद्दीतून जाऊ शकले असते. अंतर्गत तयारी झाली नसल्याचं कारण देत पाकिस्तानने दोन्ही अडवले. अगदी शेवटी, नेते धुलिखेलच्या विश्रांतीस्थळी एकत्र आल्यावर, विजेच्या सहकार्याचा एक करार कसाबसा पदरात पडला. त्याच परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सूचित केलं होतं की संबंध वाढतील, सार्कच्या आत किंवा बाहेर, सगळ्यांमध्ये किंवा काहींमध्ये. पुढची परिषद २०१६ च्या नोव्हेंबरात इस्लामाबादला व्हायची होती. १८ सप्टेंबरला उरीचा हल्ला झाला आणि भारताने जायला नकार दिला. बांगलादेश, भूतान आणि अफगाणिस्तान यांनीही अंग काढून घेतलं. परिषद रद्द झाली. ती आजवर झालेली नाही.

भारताचा तो नकार योग्य होता. सीमेपलीकडून येणाऱ्या हल्लेखोरांनी आपले जवान मारायचे आणि दोन महिन्यांत आपल्या पंतप्रधानांनी त्याच देशाच्या राजधानीत सामूहिक छायाचित्रासाठी उभं राहायचं, हे कोणत्याही लोकशाही सरकारला पेलणारं नव्हतं. पहलगामच्या हल्ल्यानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, सार्कच्या व्हिसा सवलतीखाली पाकिस्तानी नागरिकांना येऊ न देण्याचा निर्णय झाला, तोही समजण्यासारखा आहे. माझा आक्षेप या निर्णयांना नाही. या निर्णयांनी आपलं शेजारधोरण पूर्ण झालं असं मानण्याला आहे.

उरीच्या घटनेला महिनाही उलटला नव्हता तेव्हा, १६ ऑक्टोबर २०१६ रोजी, गोव्यात ब्रिक्स परिषदेला जोडून बिमस्टेकच्या नेत्यांना बोलावण्यात आलं. संदेश सगळ्यांना कळला. मोदींच्या पहिल्या शपथविधीला, २०१४ मध्ये, सार्क देशांचे नेते पाहुणे होते. दुसऱ्या शपथविधीला, २०१९ मध्ये, बिमस्टेकचे. वर्तमानपत्रांनी तेव्हा या पाहुण्यांच्या यादीतून नव्या धोरणाची दिशा वाचली, आणि ती बरोबरच वाचली होती.

पण बिमस्टेक काही तेव्हा जन्मली नव्हती. जून १९९७ मध्ये बँकॉकला बांगलादेश, भारत, श्रीलंका आणि थायलंड यांनी ती सुरू केली, त्याच वर्षअखेरीस म्यानमार आला, २००४ मध्ये नेपाळ आणि भूतान. म्हणजे पाकिस्तानशिवाय काम करून दाखवायला तिला सार्कच्या बरोबरीने मोठा काळ मिळाला आहे. त्या काळात काय झालं? शिखर परिषदा सहा: २००४, २००८, २०१४, २०१८, २०२२ आणि २०२५. कायमचं सचिवालय ढाक्यात उघडायला २०१४ उजाडलं. सनदेवर सही व्हायला २०२२, ती लागू व्हायला मे २०२४. पंचवीस वर्षं ही संघटना सनदेशिवाय चालली. मुक्त व्यापाराच्या चौकट करारावर फेब्रुवारी २००४ मध्ये सह्या झाल्या, वाटाघाटींच्या वीसहून अधिक फेऱ्या झाल्या आणि प्रत्यक्ष करार अजून झालेला नाही. ज्या सार्कला आपण निकामी म्हणतो, तिने निदान मुक्त व्यापाराचा करार करून लागू केला होता. या तुलनेने अस्वस्थ व्हायला हवं.

या विलंबात पाकिस्तानचा हात नाही, कारण तो त्या खोलीतच नाही. मग कुणाचा आहे? थोडा सगळ्यांचा. थायलंडला जकात खाली आणण्याची घाई, भारताला मूळ उत्पादन कुठलं याच्या नियमांची काळजी, बांगलादेशला महसुलाची. आणि भारताच्या काळजीचं स्वरूप आपल्याला ओळखीचं आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये, त्याच बँकॉकमध्ये, आपण आरसेप या मोठ्या व्यापार करारातून बाहेर पडलो. थायलंड आणि म्यानमार त्यात आहेत. शेतकरी आणि लहान उद्योग यांच्या भीतीने घेतलेला तो निर्णय होता आणि ती भीती निराधार नव्हती. पण बाजार उघडायला जो देश कचरतो, त्याने बिमस्टेकमधून व्यापार वाढण्याची आशा लोकांना दाखवताना हातचं राखून बोलावं.

संरक्षणाच्या बाबतीतलं एक उदाहरण तर पुण्यातलंच आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये औंधच्या लष्करी तळावर बिमस्टेक देशांचा पहिला संयुक्त सराव झाला. दोनच आठवड्यांपूर्वी काठमांडूच्या शिखर परिषदेत त्याचा उल्लेख झाला होता. नेपाळमध्ये सत्ताधारी पक्षातूनच विरोध झाला, ही लष्करी आघाडी कधी झाली असं विचारलं गेलं, आणि नेपाळने तुकडी न पाठवता निरीक्षक पाठवले. त्याच महिन्यात नेपाळी सैनिक चीनमध्ये चेंगडूला संयुक्त सराव करत होते. आपल्याकडे यावर नेपाळच्या कृतघ्नतेच्या बातम्या झाल्या. मला त्यातून वेगळं दिसतं. भारताच्या सीमेवरच्या २०१५ च्या नाकेबंदीची आठवण नेपाळमध्ये ताजी असताना, पुरेशी पूर्वतयारी न करता, लष्करी सहकार्य संघटनेच्या गळ्यात बांधण्याची घाई झाली होती. संघटनेचं नाव बदललं म्हणून ती आठवण पुसली जात नाही.

म्यानमारबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण परिस्थिती स्वतःच बोलते. भारताला थायलंडशी जोडणारा मोरे ते मे सॉट हा महामार्ग बिमस्टेकचा कणा व्हायचा होता. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर तो देश यादवीत सापडला. ईशान्य भारताला म्यानमारमार्गे समुद्राशी जोडणाऱ्या कालादान प्रकल्पातलं सित्वे बंदर २०२३ मध्ये सुरू झालं, पण नदीमार्गावरचं पलेत्वा जानेवारी २०२४ मध्ये अराकान आर्मी या बंडखोर संघटनेच्या ताब्यात गेलं. बिमस्टेकचं सगळं भौगोलिक गणित म्यानमारवरून जातं, आणि तिथे आज रस्ता कुणाच्या परवानगीने बांधायचा हेच ठरत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, कारण तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि आपल्या चर्चेत तो सगळ्यात कमी येतो. सहकार्य शिखर परिषदेत होत नाही, सीमेवरच्या नाक्यावर होतं. जागतिक बँकेने २०२१ मध्ये भारत-बांगलादेश वाहतुकीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार पेट्रापोल-बेनापोल ही सीमा ओलांडायला मालाला कित्येक दिवस लागतात. पूर्व आफ्रिकेत तेवढीच वर्दळ असलेल्या सीमेवर सहा तासांपेक्षा कमी वेळ लागतो. भारतीय कंपनीला बांगलादेशातल्या कंपनीशी व्यापार करण्यापेक्षा ब्राझील किंवा जर्मनीतल्या कंपनीशी करणं पंधरा ते वीस टक्के स्वस्त पडतं. कारण आपला ट्रक पलीकडे जाऊ शकत नाही. माल उतरवायचा, दुसऱ्या ट्रकमध्ये भरायचा, दोन्हीकडच्या कागदांसाठी थांबायचं. रांगेत उभ्या राहिलेल्या चालकाला तो सार्कच्या सीमेवर आहे की बिमस्टेकच्या, याने काहीही फरक पडत नाही. तो दोन्हींच्या सीमेवर आहे.

कांद्याचं उदाहरण तर महाराष्ट्राला समजावून सांगायची गरजच नाही. बांगलादेश हा आपल्या कांद्याचा फार मोठा गिऱ्हाईक, आणि त्यातला मोठा वाटा नाशिक जिल्ह्याचा. सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस निर्यातबंदी आली, पूर्वसूचना नाही. पुढच्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. उद्योजकांच्या बैठकीत त्या हिंदीत म्हणाल्या की तुम्ही कांदा का बंद केलात मला माहीत नाही, मी तर आता स्वयंपाक्याला सांगून टाकलंय की कांदा घालू नको. लोक हसले. त्यांनी पुढे विनंती केली ती मात्र गंभीर होती: बंद करायचाच असेल तर आधी कळवत जा. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी आली, पुन्हा अचानक, आणि कांद्याचे ट्रक सीमेवर अडकले. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा. ती मे २०२४ पर्यंत चालली. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क लावल्यावर नाशिकमधल्या बाजार समित्यांनी लिलाव बंद ठेवले होते.

प्रत्येक वेळी ढाक्याने काय केलं? इजिप्त, तुर्कस्तान, म्यानमारकडे पाहिलं, २०१९ मध्ये तर विमानाने कांदा आणला, आणि स्वतःचं उत्पादन वाढवण्याचा निश्चय केला. त्यांच्या जागी आपण असतो तर हेच केलं असतं. दिल्लीतल्या ग्राहकाला दोन महिने स्वस्त कांदा मिळावा म्हणून आपण वीस वर्षांत जोडलेला बाजार पुन्हा पुन्हा मोडला. लासलगावच्या शेतकऱ्याला भाव पडल्यावर वाटतं की हा घरगुती राजकारणाचा प्रश्न आहे. तो तितकाच परराष्ट्र धोरणाचा प्रश्न आहे. शेजारी देश आपल्यावर अन्नासाठी विसंबून राहू शकत नसेल, तर त्याला आपल्याबरोबर एका संघटनेत बसून मिळणार तरी काय?

दोष एका बाजूचा नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितलं पाहिजे. विदर्भातल्या संत्र्याचा सगळ्यात मोठा परदेशी बाजार बांगलादेशच. तिथल्या सरकारने काही वर्षांत आयात शुल्क इतकं वाढवत नेलं की वरुड-मोर्शी पट्ट्यातल्या बागायतदारांचं गणित कोलमडलं आणि राज्य सरकारला अनुदानाची घोषणा करावी लागली. साफ्टा होता, बिमस्टेक होती. संत्र्याच्या उपयोगी कुणीच पडलं नाही.

एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या बिमस्टेक परिषदेत सागरी वाहतुकीचा करार झाला, २०३० पर्यंतचा आराखडा मंजूर झाला. ४ एप्रिलला मोदी आणि बांगलादेशच्या अंतरिम सरकारचे प्रमुख मुहम्मद युनूस भेटले. त्याआधी काही दिवस युनूस यांनी चीनमध्ये ईशान्य भारताबद्दल केलेलं विधान (तो भाग भूवेष्टित आहे आणि त्याची समुद्राची वाट बांगलादेशच्या हातात आहे, अशा अर्थाचं) दिल्लीला झोंबलं होतं, आणि ते झोंबण्यासारखंच होतं. परिषद संपून चारच दिवस झाले होते तेव्हा बांगलादेशचा माल भारतीय बंदरं आणि विमानतळांवरून तिसऱ्या देशांत पाठवण्याची सवलत भारताने काढून घेतली. आपल्या बंदरांवरची गर्दी हे कारण दिलं गेलं. पाठोपाठ बांगलादेशने भारतीय सुताची जमिनीवरून होणारी आयात थांबवली. १७ मे रोजी भारताने बांगलादेशच्या तयार कपड्यांना जमिनी नाके बंद केले. ते आता फक्त दोनच बंदरांतून येऊ शकतात, कोलकाता आणि आपलं न्हावा शेवा. नकाशा उघडून पाहा. पेट्रापोलच्या पलीकडे काही तासांच्या अंतरावर शिवलेला शर्ट मुंबईला यायचा तर त्याने आधी समुद्रातून कोलकात्याला जायचं, नाहीतर श्रीलंकेला वळसा घालायचा. आणि हे दोन्ही देश बिमस्टेकचे संस्थापक सदस्य आहेत, तिच्या सचिवालयाचं घर ढाक्यात आहे.

या साखळीतली प्रत्येक कडी स्वतंत्रपणे पाहिली तर समर्थनीय वाटेल. भारताच्या सुरक्षेच्या चिंता खऱ्या आहेत. ईशान्य भारताला उरलेल्या देशाशी जोडणारी सिलीगुडीची चिंचोळी पट्टी हा नकाशावरचा कल्पित धोका नाही. जून २०२५ मध्ये कुनमिंगला चीन, पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्या अधिकाऱ्यांची त्रिपक्षीय बैठक झाली आणि सार्कच्या जागी नवा गट उभा राहतोय अशा बातम्या आल्या. ढाक्याने आघाडीचा अर्थ नाकारला, पण दिल्लीत काळजी वाटणं स्वाभाविकच. फक्त या काळजीतून निघणारा निष्कर्ष मला उलटा वाटतो. शेजाऱ्याला दुसरीकडे जाण्यापासून रोखायचं असेल तर आपल्याकडचा रस्ता त्याच्यासाठी अधिक सोयीचा करावा लागतो. बंद नाक्यांमागे बांगलादेशचा व्यापारी आपल्याला जास्त जवळचा होणार नाही.

मग सार्कचं काय करायचं? पुन्हा शिखर परिषद भरवा, असं मी म्हणत नाही. पाकिस्तानशी संबंध आहेत त्या अवस्थेत ती भरली तरी काठमांडूचीच पुनरावृत्ती होईल. आसियानचा दाखला इथे नीट वाचला पाहिजे. इंडोनेशिया आणि मलेशिया यांच्यातला सशस्त्र संघर्ष १९६६ मध्ये मिटला आणि त्यानंतर, ऑगस्ट १९६७ मध्ये, आसियान झाली. आधी भांडण थांबलं, मग संघटना आली, आणि मुक्त व्यापाराची घोषणा तर थेट १९९२ मध्ये. संघटना शांतता आणेल, हा सार्कमागचा भाबडा विश्वास होता. आसियानच्या इतिहासातली दुसरी गोष्ट मात्र आपल्यासाठी जास्त कामाची आहे. सगळ्यात मोठा देश इंडोनेशिया, आणि त्याने अनेक दशकं स्वतःचं मोठेपण जाणीवपूर्वक आवरून धरलं, म्हणून मलेशिया, सिंगापूर निर्धास्त राहिले. आपल्या उपखंडात भारत बाकी सगळ्यांच्या बेरजेपेक्षा मोठा आहे. त्यामुळे हा संयम आपल्यावर जास्त जबाबदारीने येऊन पडतो.

पण सार्कला मेलेली म्हणून पुरून टाकण्याची भाषाही थांबायला हवी. जानेवारी २०२२ मध्ये श्रीलंकेची परकीय गंगाजळी आटत चालली होती, तेव्हा रिझर्व्ह बँकेने चाळीस कोटी डॉलरचा आधार दिला तो सार्कच्या चलन अदलाबदलीच्या व्यवस्थेखाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मालदीव अडचणीत आला, 'इंडिया आउट' म्हणत निवडून आलेले अध्यक्ष मोहम्मद मुइझ्झू दिल्लीला आले, तेव्हाही त्याच व्यवस्थेखाली चाळीस कोटी डॉलर आणि तीन हजार कोटी रुपयांची सोय झाली. मालदीव बिमस्टेकमध्ये नाही. अफगाणिस्तानही नाही. अरबी समुद्राच्या तोंडाशी असलेल्या द्वीपदेशाशी नातं ठेवायला आपल्याला सार्कचं नाव लागलं आणि ते उपयोगी पडलं, हे विसरून कसं चालेल? दिल्लीतलं दक्षिण आशियाई विद्यापीठ २०१० पासून चालू आहे. काठमांडूचं सचिवालय, थिंफूचा विकास निधी, हे सगळं टिकवायला फार खर्च येत नाही.

साफ्टातली सगळ्यात मोलाची गोष्ट तर भारताने एकट्याने केली होती. २०११ मध्ये आपण सार्कमधल्या अल्पविकसित देशांना मद्य आणि तंबाखूच्या पंचवीस वस्तू सोडून बाकी सगळ्यावर शून्य जकात दिली. पाकिस्तानची संमती लागली नाही, कुठली परिषद भरवावी लागली नाही. बांगलादेशची भारतातली निर्यात अर्ध्या अब्ज डॉलरच्या आसपास होती, ती दशकभरात दोन अब्जांच्या घरात गेली. आपल्या बाजारावर संकट कोसळलं नाही.

असंच दुसरं उदाहरण विजेचं. नेपाळची जलविद्युत बांगलादेशला विकायची तर वाटेत भारत आहे. भारताच्या २०१६ च्या नियमांत तिसऱ्या देशाला वीज विकायला जागाच नव्हती. नेपाळ आणि भूतान यांनी तक्रार केली, आपण २०१८ मध्ये नियम बदलले. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये तिघांचा करार झाला आणि नोव्हेंबरात चाळीस मेगावॉट वीज नेपाळमधल्या ढालकेबारहून मुजफ्फरपूरमार्गे भारताच्या जाळ्यात येऊन बहरामपूरवरून बांगलादेशात भेडामाऱ्याला पोहोचली. सुरुवातीला एक दिवस, आणि मग जून २०२५ पासून पावसाळी हंगामासाठी. दिल्ली आणि ढाका यांच्यात कपडे आणि सुतावरून खेचाखेची चालू असतानाही ही वीज वाहिली. चाळीस मेगावॉट म्हणजे फार नाही. पण सार्कच्या काठमांडू करारात जे कागदावर राहिलं, बिमस्टेकच्या २०१८ च्या ग्रिड करारात जे कागदावरच आहे, ते तीन देशांनी एका नियमदुरुस्तीवर सुरू केलं. अशा तीन-चार देशांच्या जुळणीलाही मर्यादा आहेत, हे बीबीआयएनने दाखवलंच आहे. जून २०१५ मध्ये थिंफूला भारत, बांगलादेश, भूतान, नेपाळ यांचा मोटार वाहतूक करार झाला आणि भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने तो नाकारला. लहान देश, अरुंद रस्ते, बाहेरच्या ट्रकांची भीती. भूतानने इतरांना पुढे जायला सांगितलं आणि ती भीती मान्य करून पुढे जाणं हेच बरोबर होतं.

उदारपणा म्हणजे दुबळेपणा, अशी एक टीका यावर हमखास होते. इंद्रकुमार गुजराल परराष्ट्रमंत्री असताना त्यांनी लहान शेजाऱ्यांकडून परतफेडीची अट न घालता देण्याचं धोरण मांडलं, तेव्हाही झाली होती. पाकिस्तान त्या धोरणातून मुद्दाम वगळलेला होता, हे टीकाकार बहुधा सांगत नाहीत. त्याच काळात, १२ डिसेंबर १९९६ रोजी, बांगलादेशशी गंगेच्या पाण्याचा तीस वर्षांचा करार झाला. त्याने दोन देशांमधला सगळ्यात चिघळलेला वाद तीन दशकं शांत ठेवला. त्याची किंमत आपण काय मोजली आणि मिळवलं काय, याचा हिशेब मांडून पाहावा.

सार्क की बिमस्टेक यापेक्षा तातडीची कामं समोर आहेत. निर्यातबंदी घालण्याआधी शेजारी देशांना ठरावीक मुदतीची सूचना देण्याचं आणि आधीच सौदा झालेला माल जाऊ देण्याचं बंधन आपण स्वतःवर घालून घ्यावं. नाशिक आणि अहिल्यानगरच्या खासदारांनी ही मागणी संसदेत लावून धरायला हवी, कारण त्यात त्यांच्या मतदारांचंच हित आहे. कपडे आणि सुतावरची जमिनी नाक्यांची बंदी दोन्ही बाजूंनी एकाच वेळी उठावी. बांगलादेशने २०२६ च्या नोव्हेंबरात अल्पविकसित देशांच्या गटातून बाहेर पडायचं, असं संयुक्त राष्ट्रांचं वेळापत्रक आहे. ते पुढेमागे झालं तरी २०११ ची शून्य जकातीची सवलत त्या दिवशी आपोआप संपू न देता तिच्या जागी काय येणार हे आधी ठरलं पाहिजे.

आणि गंगेच्या कराराची मुदत २०२६ च्या डिसेंबरात संपते. जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत फराक्क्याच्या बंधाऱ्यावर दर दहा दिवसांनी पाणी कुणाला किती, हे त्यात ठरलेलं आहे. वाटाघाटी दिल्ली आणि ढाक्याच्या असल्या तरी पश्चिम बंगालला डावलून त्या पूर्ण होत नाहीत. २०११ मध्ये तीस्ता नदीच्या पाण्याचा करार याच कारणाने सहीच्या टेबलावर पोहोचला नाही. १९९६ मध्ये कोलकात्याला सुरुवातीपासून बरोबर घेतलं होतं, आणि करार होण्याआधी मुख्यमंत्री ज्योती बसू स्वतः ढाक्याला जाऊन आले होते.